मागच्या सीटवरचा गार्ड

आमची गाडी शिट्टी वाजल्याशिवाय हलत नसे. गंमत म्हणून सांगत नाही, खरंच नसे. चावी फिरवली, पट्टा लावला, गिअर टाकला, तरी मागच्या सीटवरून बाबांची शिट्टी होईपर्यंत क्लचवरचा पाय उचलायची मला सोय नव्हती.

बाबा रेल्वेत गार्ड होते. मनमाडला राहून त्यांनी सारी नोकरी मालगाडीच्या शेवटच्या डब्यात काढली. हल्ली त्या पदाला मॅनेजर म्हणतात असं कुणीतरी त्यांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "मॅनेजर हॉटेलात असतो." निवृत्तीनंतर काही वर्षांनी आईचे गुडघे गेले, मनमाडच्या घराचा जिना तिला चढवेना, म्हणून मी दोघांना नाशिकरोडला माझ्याकडे आणलं. नवरा नोकरीसाठी नागपूरला, मी इथल्या शाळेत गणित शिकवते, लेक सातवीत. घरात आम्ही चौघं झालो. आईला रिक्षात चढवणं-उतरवणं म्हणजे दरवेळी लढाई, तेव्हा मी गाडी घेतली. ती माझ्या नावावर होती, स्टिअरिंग माझ्या हातात होतं. पण गाडी खरी कुणाची, हे आमच्या कॉलनीत कुणालाही विचारा.

शोरूमवाल्यांनी नव्या गाडीला पुढे लिंबू-मिरची बांधून ठेवली होती. बाबांनी ती तिथेच सोडवली आणि विक्रेत्याच्या हातात ठेवली. "याने इंजिन थंड राहतं का? नाही ना? मग मला आग विझवायचा सिलिंडर द्या." सिलिंडर त्यांच्याकडे नव्हता. तो बाबांनी दुसऱ्या दिवशी स्वतः बाजारात जाऊन आणला आणि आईच्या सीटखाली पट्ट्याने बांधून टाकला. मग आम्ही गाडी घेऊन विहारात गेलो, पांढरी फुलं वाहिली, आणि परत निघताना बाबांनी खिशातून शिट्टी काढली. पितळेची, काळ्या दोरीतली, नोकरीतली. मला वाटलं, आजच्या दिवसापुरती हौस असेल.

तो दिवस संपला, शिट्टी काही संपली नाही. निघण्यापूर्वी त्यांचे तीन प्रश्न असत. "दरवाजे?" आम्ही तिघींनी म्हणायचं, "बंद." "पट्टे?" "लावले." तिसरा प्रश्न माझ्या एकटीसाठी: "काटा?" इंजिन किती तापलंय ते दाखवणारा काटा बघून सांगायचं. निघताना तो तळाशी असे, वाटेत मध्यावर येऊन थांबे. म्हणून वाटेतही दर पाच-दहा मिनिटांनी मागून आवाज येई, "काटा?" आणि मी म्हणे, "मध्यावर."

गार्डची जागा शेवटी, म्हणून ते मागे बसत, माझ्या पाठीशी. पुढे डावीकडे आई, तिच्या मागे लेक. बाबांच्या मांडीवर एक लांबट वही असे. कुठून कुठे, माणसे किती, काटा कुठवर, सगळं तिच्यात. प्रत्येक पानाखाली कार्बन. या काळात कार्बन पेपर कुठे मिळतो हे मला विचारू नका, त्यांना मिळत असे. वरचा कागद गाडीत राही आणि खालची निळी प्रत घरी पत्र्याच्या ट्रंकेत जाई.

एकदा आमच्या मुख्याध्यापिकेला देवळाली कॅम्पला सोडायचं होतं. बाईंना शिट्टीबद्दल सांगायचं माझ्या जिवावर आलं होतं, म्हणून मी सांगितलंच नाही. बाबांनी मागून "पट्टे?" विचारलं आणि बाई एकदम दचकून ओरडल्या, "लावले!" दुसऱ्या दिवशी अख्खी स्टाफरूम मला पाहून "काटा?" विचारत होती. दोन दिवस मी बाबांशी बोलले नाही. त्यांना त्याचा पत्ताही लागला नाही, त्याचा मला आणखी राग आला.

पुढच्या उन्हाळ्यात एकदा त्र्यंबक रस्त्याने येताना त्यांनी नाक वर केलं. "वास येतोय."

त्यांच्या नाकाबद्दल सांगायला हवं. मालगाडीच्या चाकाचा कणा कधी कधी तापतो आणि जळका वास सुटतो. तो वेळेवर ओळखून गाडी थांबवली नाही तर डबा पेटू शकतो, रुळावरून उतरू शकतो. रेल्वेत त्याला हॉट ॲक्सल म्हणतात. बाबांनी नोकरीत असे तीन पकडले होते आणि ते तिन्ही किस्से आम्हाला तोंडपाठ होते. आता त्यांचं म्हणणं असं, की गाडीत चार माणसं असली, एसी चालू असला आणि चढ लागला की इंजिनासमोरचा पंखा फिरायचा थांबतो. त्याचा आवाज बंद होतो, मग वास येतो. मलाही एक-दोनदा काटा मध्याच्या वर गेलेला दिसला होता. एसी बंद केला की खाली यायचा. मी म्हटलं, उन्हाळा आहे, होतं असं.

त्यांनी तक्रार लिहिली, तीही खाली कार्बन घालून. "विषय: चढावर इंजिन तापणे व जळका वास येणे याबाबत. महोदय, सविनय कळविण्यात येते की..." खाली सही माझी, कारण मालकीण मी. सर्व्हिस सेंटरवरचा सल्लागार फार नम्र होता, बाबांना काका म्हणायचा, खुर्ची द्यायचा, चहा मागवायचा. मग कुणीतरी एकटा माणूस गाडी घेऊन जायचा, एसी न लावता सपाट रस्त्यावर एक चक्कर मारायचा आणि कागदावर लिहायचा, दोष आढळला नाही. अशा पाच तक्रारी झाल्या. त्यांनी एकदा इंजिन थंड ठेवायचं पाणी बदललं, एकदा नळी बदलली. दर वेळी गाडी मात्र चकचकीत धुऊन दिली, हे मान्य केलं पाहिजे.

सहावी तक्रार बाबांनी माझ्यासमोर ठेवली तेव्हा मी पेपर तपासत होते. त्यात लिहिलं होतं, की तपासणी सिन्नरच्या अलीकडच्या मोहदरी घाटात व्हावी, चार माणसे बसवून, एसी चालू ठेवून. अर्जदाराचे वडील सोबत बसण्यास तयार आहेत.

"बाबा, पुरे आता," मी म्हटलं. "ते लोक हसतात आपल्याला. तुम्हाला दिवसभर काही काम नाही म्हणून..."

वाक्य मी अर्धंच सोडलं, पण त्यांना ते पूर्ण ऐकू गेलं. त्यांनी कागदाची चार घड्यांची घडी केली आणि वहीच्या मागच्या पानात ठेवली. सहीशिवाय कागद पुढे पाठवायचा नाही, हा त्यांचा नियम. माझा राग लवकर उतरतो, पण उतरला हे मी कबूल करत नाही. ही खोड मला कुणाकडून आली ते उघड आहे. मी सही केली नाही, त्यांनी पुन्हा मागितली नाही.

त्याऐवजी पुढच्या रविवारी सकाळी त्यांनी आम्हा तिघींना गाडीत बसवलं, स्वतः बाहेर उभे राहिले आणि म्हणाले, "कंपनी ऐकत नाही तर नको. आपण तयार राहू."

ही उतरायची कवायत. एक लांब शिट्टी झाली की पट्टा काढायचा. आई आणि लेकीने डाव्या दरवाजाने, मी आरशात मागची वाहनं बघून उजव्या दरवाजाने उतरायचं. हातात काही घ्यायचं नाही. पर्स नाही, फोन नाही, काही नाही. सगळ्यांनी गाडीच्या मागे तीस पावलं चालत जाऊन पाण्याच्या टाकीपाशी उभं राहायचं. तिथे बाबा एका हातात घड्याळ धरून दुसऱ्या हाताने आमच्या डोक्यांना स्पर्श करत मोजायचे. "एक, दोन, तीन. झालं."

पहिल्या दिवशी आईला बावन्न सेकंद लागले. ती चप्पल शोधत बसली होती.

"चप्पल राहू दे!" बाबा ओरडले.

"नवीन आहे," आई आतूनच म्हणाली.

गॅलऱ्यांमधून लोक बघत होते, लेक हसून हसून गाडीतच लोळत होती, आणि मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. वर जाऊन मी बाबांना फैलावर घेणारच होते. पण ते जिन्यातच थांबले आणि हळू आवाजात म्हणाले, "तू उडी मारशील. पोरगी मारेल. हिला वेळ लागतो. मला बाकी कशाची काळजी नाही गं, फक्त हिची आहे."

मग दर रविवारी कवायत होऊ लागली. बाबांनी आईच्या सीटवर प्लास्टिकची एक गुळगुळीत पिशवी कापून अंथरली, म्हणजे तिला जागच्या जागी सरकून दोन्ही पाय एकदम बाहेर काढता येतील. सीट किती मागे ठेवायची तिथे खडूने खूण केली. बावन्नाचे चाळीस झाले, चाळिसाचे तीस. ज्या रविवारी आई अठरा सेकंदांत उतरली, त्या दिवशी तिने घरी शिरा केला आणि पहिली वाटी स्वतः घेतली. दोघं समोरासमोर बसून खात होते. आई म्हणाली, "आता काय मला ऑलिम्पिकला पाठवता का?" बाबा इतके खूश मी त्यांच्या निरोप समारंभातही पाहिले नव्हते.

पुढच्या वर्षी मे महिन्यात सिन्नरच्या मावशीने नव्या घरी बोलावलं. अकराला भंतेजी वंदनेसाठी यायचे होते, म्हणून आम्ही साडेनऊलाच निघालो. आईच्या मांडीवर बेसनाच्या लाडवांचा मोठा डबा. दरवाजे बंद, पट्टे लावले, काटा तळाशी, शिट्टी. बाबांनी वहीत लिहिलं: नाशिकरोड ते सिन्नर, माणसे चार.

सकाळीच ऊन रणरणत होतं. एसी चालू होता. मोहदरी घाटाच्या पायथ्याशी एक लांबलचक ट्रेलर पुढे आला आणि आम्ही त्याच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडत चढायला लागलो.

"काटा?" मागून आवाज आला.

"मध्यावर," मी म्हटलं.

मी बघितलं नव्हतं. माझी नजर ट्रेलरवर होती आणि उत्तर जिभेवर तयार होतं. मुलांनी गणित न सोडवता नुसतं उत्तर लिहिलं तर मला एका नजरेत कळतं. बाबांनाही कळलं.

"बघून सांग."

मी बघितलं. काटा पार लाल पट्ट्यात जाऊन टेकला होता. त्याच क्षणी मलाही वास आला, रबर जळल्याचा, आणि बॉनेटच्या फटीतून धुराची एक रेघ वर आली.

"डावीकडे घे. इंजिन बंद. हँडब्रेक," बाबा म्हणाले. आवाज अगदी साधा होता. मी गाडी कडेला घेऊन चावी फिरवली, आणि लांब शिट्टी वाजली.

या वेळी कुणी हसलं नाही. पट्टे सुटले. आईच्या मांडीवर डबा होता, डब्याची कवायत आम्ही कधी केली नव्हती. पण तिने तो सरळ माझ्या रिकाम्या सीटवर ठेवला, पिशवीवर सरकली, दोन्ही पाय बाहेर आले. तोवर मी वळसा घालून तिच्यापाशी पोचले होते. तिने माझा दंड धरला आणि उभी राहिली. अनवाणी. लेक मागच्या दाराने उतरली, तिच्यामागून त्याच दाराने बाबा. आम्ही चालायला लागलो. तीस पावलं, लेक मोठ्याने मोजत होती.

मागच्या ट्रकचा ड्रायव्हर पाण्याचा कॅन घेऊन धावत आला आणि बॉनेट उघडायला वाकला.

"हात लावू नका!" बाबा ओरडले. "हवा लागली की भडका उडेल."

"लय धूर निघतोय काका. आतून पेटली हाय."

"पेटू द्या. गाडीच आहे."

ज्यांनी त्या गाडीवर कुणाला टेकून उभं राहू दिलं नव्हतं, ते हे म्हणाले. मग आमच्याकडे वळून त्यांनी मोजणी सुरू केली. आईच्या डोक्याला हात लावला, "एक." लेकीच्या, "दोन." माझ्या, "तीन."

ते थांबले. पुन्हा मोजलं. एक, दोन, तीन.

"वहीत चार लिहिलंय," ते म्हणाले, आणि वळून गाडीकडे पळत सुटले.

मला वाटलं, वही आणायला चालले. "बाबा, मरू दे ती वही!" मी किंचाळले. बॉनेटच्या कडेने आता ज्वाळा दिसत होती. मला त्यांच्यामागे धावायचं होतं, पण आईचा सगळा भार माझ्या दंडावर होता. मी हात सोडला असता तर ती रस्त्यावर कोसळली असती. लेक "आजोबा, आजोबा" करत रडत होती. बाबा मागच्या दरवाजापाशी पोचले, वाकून काचेतून आत बघायला लागले. सीटवर, सीटखाली. ते वही बघत नव्हते. ते माणूस शोधत होते.

तेव्हा आई ओरडली. तिचा तसला आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.

"अहो! चौथे तुम्ही! चौथे तुम्हीच आहात!"

बाबा थांबले. दाराच्या मुठीकडे गेलेला हात त्यांनी तसाच मागे घेतला आणि स्वतःच्या छातीवर ठेवला. ट्रक ड्रायव्हरने त्यांना खांद्याला धरून ओढत आमच्यापर्यंत आणलं. ते येऊन उभे राहतात न राहतात तोच पुढची काच तडकली आणि आग आत शिरली.

ड्रायव्हरने आपला सिलिंडर आणून लांबूनच फवारला, पण उपयोग झाला नाही. आमचा सिलिंडर आईच्या सीटखाली, पट्ट्याने नीट बांधलेला, आत होता. थोड्या वेळाने सिन्नरहून बंब आला. तोवर आम्ही कठड्यावर बसून आमची गाडी जळताना बघत होतो. आई रडत होती आणि रडता रडता बाबांना बोलत होती. "जन्मभर दुसऱ्यांचे डबे मोजले. स्वतःला विसरले. काय माणूस आहे हा."

बाबा खाली बघत म्हणाले, "गार्डला मोजत नाहीत."

नंतर मला उलगडा झाला. वहीतले चार म्हणजे गाडीवरचा भार, त्यात ते असत; कवायतीत मात्र ते कायम बाहेर उभे असत. आम्ही तिघी उतरायचो आणि ते मोजायचे. इतक्या रविवारांत त्या गाडीतून त्यांना स्वतःला उतरवायचं कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं, माझ्याही नाही. गणिताच्या बाईच्या.

मावशीकडची वंदना त्या दिवशी उशिरा झाली. आम्ही धुराचा वास येणाऱ्या कपड्यांनीच बसलो. लाडू जळाले याचं मावशीला फार वाईट वाटलं, आणि त्यावर मात्र आम्ही सगळे हसलो.

वही गेली, सहावी तक्रार गेली. पण घरी आल्यावर मी ट्रंक उघडली. सगळ्या निळ्या प्रती ओळीने लावलेल्या होत्या. सहावीची प्रत काढली, त्यांच्यासमोर बसले आणि खाली सही केली. "बाबा, चुकलं माझं," मी म्हटलं. एवढं तीन शब्दांत आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं.

"तारीख आजची टाक," ते म्हणाले. "मागची टाकायची नाही."

तो सल्लागार या वेळी स्वतः घरी आला. निळ्या प्रती त्याने एकेक करून वाचल्या आणि चहा गार झाला तरी मान वर केली नाही. मग कंपनीच्या लोकांनी तशीच दुसरी गाडी चार माणसं बसवून, एसी लावून मोहदरी घाटात नेली. मागे बाबा बसले. पंखा थांबला. त्यानंतर तशा गाड्या बोलावून पंख्याचा तो भाग बदलायला त्यांनी सुरुवात केली. सल्लागार अजूनही बाबांना काकाच म्हणतो, पण आता म्हणताना उभा राहतो.

कंपनीने एक फॉर्म भरायला दिला होता. घटनेवेळी वाहनातील व्यक्ती, असा त्यात एक रकाना होता.

"प्रवासी तीन," बाबांनी सांगितलं.

मी चार लिहिलं. त्यांनी चष्म्यातून बघितलं, पण खोडायला सांगितलं नाही.

नवी गाडी दिवाळीच्या आधी आली. जागा त्याच: पुढे आई, मागे लेक आणि गार्ड, नवी वही, नवा सिलिंडर. फक्त शिट्टी जुनी होती, कारण ती त्या दिवशी त्यांच्या गळ्यात होती. मी चावी फिरवली.

"दरवाजे?"

"बंद."

"पट्टे?"

"लावले."

"काटा?"

मी बघितलं. "तळाशी."

त्यांनी शिट्टी उचलली, तेवढ्यात आईने मागे वळून न बघताच हात लांब केला, दोन सीटांच्या मधून, आणि त्यांच्या गुडघ्यावर ठेवला.

"एक," ती म्हणाली.

"आजी दोन," लेक म्हणाली. "मी तीन. आई चार."

शिट्टी लगेच वाजली नाही. मी आरशात पाहिलं. त्यांनी ती दोनदा तोंडाला लावली, पण फुंकर मारवत नव्हती. मी क्लच दाबून तशीच थांबून राहिले.